मिक्सरच्या बटणाची गिटार

माणसाला जागेवरून उठवायच्या आपल्याकडे दोन रीती आहेत. एक भांडणाची. ती वेळखाऊ असते आणि तिच्यात उठवणाऱ्यालाही चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. दुसरी सत्काराची. खांद्यावर शाल टाकायची, हातात नारळ द्यायचा, दोन भाषणं करायची, की माणूस टाळ्यांच्या कडकडाटात आपल्या पायांनी घरी जातो आणि वर आभारही मानतो. श्रीरामपुरातल्या एका चर्चच्या पंच कमिटीनं कृपादान अमोलिक यांच्यासाठी दुसरी रीत निवडली, आणि तसं पत्र घेऊन कमिटीचा चिटणीस जेम्स पारखे एका रविवारी दुपारी त्यांच्या दारात आला.

जेम्स पतपेढीत अधिकारी. वय पस्तीस, शर्ट कडक इस्त्रीचा आणि बोलणं मऊ. पत्रात लिहिलं होतं की, आपण गेली अठ्ठावीस वर्षे उपासनेत गिटारवादनाची अमूल्य सेवा केली असून, येत्या हंगामाच्या सणाला आपला सपत्नीक निरोप सत्कार करण्याचे एकमताने ठरले आहे.

"निरोप कुणाला?" कृपादान सरांनी विचारलं.

"तुम्हाला, अंकल."

"मी कुठं चाललोय?"

जेम्सनं चहाचा घोट घेतला. "तसं नाही. आता नवा कीबोर्ड आलाय. त्यात सगळी वाद्यं आहेत, गिटारसुद्धा आहे. आणि तुमच्या गिटारचा तो आवाज... लोक बोलतात हो."

तो आवाज म्हणजे घूं. सरांची इलेक्ट्रिक गिटार स्पीकरला जोडली की ती आधी घूं करायची आणि मग वाजायची. गाणं चालू असताना कुणाच्या लक्षात येत नसे. पण गाणं संपून पाळकसाहेबांनी "आपण शांततेत देवापुढे नम्र होऊ या" म्हटलं, की त्या शांततेत फक्त घूं उरायची. मागच्या बाकावरच्या एका आजीबाई तर वर्षभर छताला मोहोळ शोधत होत्या. गिटारवर आवाज निवडायचा एक खटका असतो. तो तीन वर्षांपूर्वी मोडून एका बाजूला अडकला होता, आणि आवाज कमी करायची चकतीही आपल्या मर्जीनं चालायची. म्हणून घूं थांबवायची तर वायरच उपटावी लागे. ती उपटताना जो ठॉक्क असा आवाज होई, त्याला आजीबाई घूंपेक्षा जास्त घाबरत.

हे सगळं सरांना मान्य होतं. ते शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. खरं तर प्रयोगशाळा सहायकाला कुणी सर म्हणत नाही, पण सव्वीस वर्षांपूर्वी एका पोरानं चुकून म्हटलं, आणि ती चूक दुरुस्त करण्याइतका प्रामाणिकपणा सरांच्यात नव्हता. विजेचे परिपथ जोडण्यात त्यांची हयात गेली होती. त्यामुळे घूंचं त्यांना वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. अठ्ठावीस वर्षांत कुणी त्यांना बरं वाजवता म्हटलं नव्हतं आणि वाईट वाजवता असंही म्हटलं नव्हतं. कमिटीनं त्यांच्या वाजवण्याबद्दल पहिल्यांदा कागदावर काही लिहिलं, तेही त्यांना उठवायला. हे त्यांना फार लागलं.

"सणाला तीन आठवडे आहेत," सर म्हणाले. "त्या दिवशी घूं आली नाही तर?"

"तर कमिटीपुढे ठेवावं लागेल. शिवाय गिटार विजेच्या दृष्टीनं सुरक्षित आहे, असा शिक्क्याचा दाखला लागेल. मला मागं झटका बसला होता ना."

झटका बसला होता हे खरं. मागच्या महिन्यात जेम्स सूचना वाचत असताना माइक त्याच्या ओठाला चिकटला होता. माइक कमिटीचा, वायर कमिटीची, ओठ जेम्सचे. गुन्हा मात्र गिटारच्या नावावर नोंदला गेला.

जेम्स गेल्यावर सरांची बायको मरियमबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या अंगणवाडीत होत्या आणि कमी बोलायच्या. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

"ती शाल पांघरून घरी आलात तर मी दार उघडणार न्हाई," त्या म्हणाल्या. "सांगून ठेवते."

असा दोन्ही बाजूंनी ठराव झाल्यावर सरांपुढे दुसरा मार्ग उरला नाही.

गिटार उघडण्याआधीच शेजारचे कानिफनाथ आढाव कुंपणाशी आले. कानिफनाथ एसटीतून निवृत्त झालेले चालक. जगातल्या सगळ्या यंत्रांना एकच रोग होतो, तो म्हणजे खराब अर्थिंग, असं त्यांचं तीस वर्षांच्या नोकरीतून बनलेलं मत होतं.

"सर, खड्डा घ्या," ते म्हणाले. "तीन फूट. खाली तांब्याची पट्टी, वर मीठ अन् कोळसा. माझ्या मेव्हण्याची पिठाची गिरणी अशीच घूं घूं करायची. खड्डा घेतला अन् गप झाली."

"गिरणी आणि गिटार यात फरक असतो, आढाव."

"वीज एकच हाय ना? मंग?"

या युक्तिवादाला विज्ञानाच्या पुस्तकात उत्तर होतं, पण ते तीन पानांचं होतं आणि कानिफनाथांच्या हातात टिकाव आधीच होता. दोघांनी मिळून मागच्या अंगणात कढीपत्त्याच्या झाडाशेजारी खड्डा खणला. दहा किलो मीठ गेलं, शेगडीचा कोळसा गेला. खिडकीतून हिरवी वायर आत आणून गिटारच्या पत्र्याला जोडली. सरांनी स्पीकर चालू केला. घूं होती तशीच आली. फरक इतकाच पडला की आता सर गिटारसकट कढीपत्त्याला बांधलेले होते. मिठानं आठवड्याभरात झाड वाळलं. मरियमबाईंनी दुसऱ्या दिवशी पोहे केले, आणि पोह्यात कढीपत्ता नसतो तेव्हा तो नसल्याचं जेवढं कळतं तेवढं तो असताना कळत नाही.

मग सरांनी गिटार उघडली.

इथं गिटारच्या पोटातलं थोडं सांगायला हवं. तारांच्या खाली दोन कॉइल असतात. त्यांना पिकअप म्हणतात. प्रत्येक कॉइल म्हणजे केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे, आणि तिच्या पोटाखाली एक चपटं लोहचुंबक. तार हलली की कॉइलमध्ये चिमूटभर वीज तयार होते, तीच स्पीकरमध्ये गाणं होऊन बाहेर पडते. एक कॉइल गळ्याशी असते, तिचा आवाज गोड आणि भरदार. दुसरी बुडाशी, तिचा तिखट. आणि खटका असतो तो या दोघींपैकी कुणाला बोलू द्यायचं ते ठरवायला: एकीला, दुसरीला, की दोघींना. संसारात असा खटका असता तर बरं झालं असतं, असं सरांना वाटून गेलं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही.

प्रश्न खटक्याचा होता. सर स्टेशन रस्त्यावरच्या विजेच्या दुकानात गेले.

"तीन जागा असलेला खटका हवा," ते म्हणाले. "पहिली जागा, दोन्ही, दुसरी जागा."

"किती अँपिअरचा?"

"एका अँपिअरचा हजारावा भागसुद्धा नको."

दुकानदारानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "सर, तेवढ्याला खटका कशाला? तेवढी वीज फुंकरीनं बी बंद होईल." तरी त्यानं माल दाखवला. जिन्यातल्या दिव्याचा टू-वे खटका, देवघरातल्या माळेचा खटका, पंख्याचा रेग्युलेटर, आणि शेवटी माळ्यावरून उतरवलेला, शेतातल्या पंपाची लाइन बदलायचा चेंजओव्हर. तो चेंजओव्हर गिटारपेक्षा अर्धा किलो जास्त भरला असता.

सरांनी दोनच जागांवर भागवायचं ठरवून जिन्याचा खटका घेतला. तो बसवायला गिटारचं पोट अर्धा इंच कोरावं लागलं. काम सुबक झालं, पण खटका मारला की स्पीकरमधून लाकडी दरवाजा आपटल्यासारखा आवाज येई. पहिल्याच प्रयोगाला कानिफनाथ कुंपणापलीकडून "कोन हाय?" म्हणून ओरडले.

मग ऑनलाइन मागवायचं ठरलं. मोबाईलवर गिटारच्या खास खटक्याचा फोटो होता, तीन जागा होत्या आणि तो चक्क स्वस्त होता. नऊ दिवसांनी खोकं आलं. खोकं बुटाचं असावं एवढं. आत कागद, कागदात पिशवी, पिशवीत पुडी, आणि पुडीत वाटाण्याएवढी पांढरी टोपी. खटक्याच्या दांडीवर बसवायची. खटका फोटोपुरताच होता. सरांनी ही टोपी कानिफनाथांसमोर ओटीपी सांगून, सही करून ताब्यात घेतली होती.

"काय आलं हो एवढं?" कानिफनाथांनी विचारलं.

"सुटे भाग आहेत," सर म्हणाले आणि आत गेले.

सण दहा दिवसांवर आला होता. त्या संतापात सर जिन्याचा खटका उपटायला गेले, आणि स्क्रूड्रायव्हर निसटून बुडाच्या कॉइलवर घसरला. बारीकशी तार तुटली. एक टोक बाहेर लोंबत होतं आणि दुसरं सात हजार वेढ्यांच्या आत कुठंतरी होतं. सर अर्धा तास खुर्चीवर बसून राहिले. मरियमबाईंनी न मागता चहा आणून ठेवला, यावरून त्यांचा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

"कॉइल म्हंजे कॉइल," त्या म्हणाल्या. "मोटारीची असते तशीच ना? मग छगनकडं न्या की."

छगन नेवासा रस्त्याला मोटार रिवायंडिंग करायचा. जळालेल्या पंपाची मोटार दिली की जुनी तार काढून नवी गुंडाळून द्यायचा. पंचक्रोशीत त्याच्यासारखा हात नव्हता. फक्त तो हात डावा होता. छगन डावखुरा, आणि गुंडाळायचं यंत्र तो डाव्या हातानं, उलटं फिरवायचा. त्यामुळे त्यानं भरलेली मोटार पहिल्यांदा चालू केली की उलटी फिरते, हे सगळ्या शेतकऱ्यांना पाठ होतं. मोटार घरी नेऊन स्टार्टरमधल्या दोन वायरींची अदलाबदल केली की झालं. कुणी तक्रार करत नसे. उलट नवा माणूस मोटार घेऊन आला की जुने लोक त्याला आपणहून सांगत, "छगनची हाय, दोन वायरी फिरव."

छगननं कॉइल तळहातावर घेतली आणि डोळ्याला भिंग लावलं.

"लई बारीक हाय, सर. पर जुन्या रिलेतली तसलीच तार हाय माज्याकडं. करू."

तो गुंडाळायला बसला. यंत्राचा वेढे मोजणारा काटा मोडलेला होता, म्हणून छगन तोंडानं मोजायचा. पाच हजार तीनशेवर असताना कोल्हारचा एक बागायतदार पंप घेऊन आला आणि म्हणाला, "छगनराव, किती वाजता मिळंल?" छगन म्हणाला, "सहा वाजता," आणि आकडा विसरला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी सरांनी स्वतः दुकानाच्या दारात स्टूल टाकलं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. मोटारीचं दुकान आहे की परीक्षेचं केंद्र, असं एकानं विचारलं. सरांनी त्यालाही बोट दाखवलं.

कॉइल झाली. उरला खटका. छगननं दुकानभर नजर फिरवली आणि ती दुरुस्तीला आलेल्या मिक्सरांच्या रांगेवर थांबली.

"सर, एक-दोन-तीन. अजून काय पायजे? ह्याचा खटका मऊ असतोय. आवाज न्हाई, ठिणगी न्हाई."

कल्पना निर्दोष होती. अडचण एकच होती की ते मिक्सर दुसऱ्यांचे होते. सर घरी आले आणि स्वयंपाकघरात जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"काय पाहिजे?" मरियमबाईंनी विचारलं.

"आपला मिक्सर जरा..."

"जरा काय?"

सरांनी खरं ते सांगितलं. मरियमबाईंनी मिक्सरकडे पाहिलं, मग पिठाच्या डब्याकडे पाहिलं, ज्याच्याखाली पत्र होतं. मिक्सर त्यांनीच ओट्यावरून उचलून सरांच्या हातात दिला. "भांडं ठेवून जा," एवढंच म्हणाल्या.

असा मिक्सरचा खटका, त्याच्या आकडे कोरलेल्या काळ्या बटणासकट, गिटारवर बसला. दिसायला तो विचित्र दिसत होता. एकवर गळ्याची कॉइल, तीनवर बुडाची, दोनवर दोन्ही. छगनच्या दुकानातच चाचणी झाली. एकवर आवाज गोड आला, सोबत घूं. तीनवर तिखट आला, सोबत घूं. सरांनी बटण दोनवर आणलं. घूं गेली. पूर्ण गेली. सरांनी तारा छेडल्या, तर आवाजही गेला होता. उरली होती नुसती एक किरकिर, रेडिओ शेजारच्या घरात लागावा तशी.

"छगन, तू उलटी गुंडाळलीस."

"मी कायम उलटीच गुंडाळतो, सर. दोन वायरी फिरवा."

सरांनी दोन वायरी फिरवल्या. आवाज परत आला आणि त्याच्याबरोबर घूंही, दुप्पट जोरात. पुन्हा फिरवल्या. घूं गेली, आवाज गेला. तासभर दोघं हेच करत होते. छगनला तर हा आपल्या डाव्या हाताचा अपमान वाटू लागला होता. "तुमची गिटारच येडी हाय," तो म्हणाला. "माजी मोटार दोन वायरींत सुधरती."

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी शाळेत, सातवीच्या वर्गासाठी कपाटातून पट्टीचुंबकं काढताना सरांचे हात थांबले. एका हातात लाल टोक, दुसऱ्या हातात निळं. घूं येते ती बाहेरच्या विजेतून, तिला कॉइल कशी गुंडाळली त्याच्याशी मतलब. गाणं येतं ते चुंबकामुळे, त्याला कॉइलशीही मतलब आणि चुंबकाच्या तोंडाशीही. छगननं कॉइल उलटी गुंडाळली म्हणून दोन कॉइलींनी एकमेकींची घूं खाऊन टाकली आणि तिच्याबरोबर गाणंही खाल्लं. आता चुंबक तेवढं उलटं केलं, तर गाणं पुन्हा सरळ होईल आणि घूं खाल्लेलीच राहील. म्हणजे छगनच्या हातून झाली ती चूक नव्हतीच, ते अर्धं काम होतं. सरांनी सातवीच्या वर्गाला चुंबकं दिली, होकायंत्र स्वतःच्या खिशात टाकलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

छगनच्या दुकानात त्यांनी कॉइलच्या पोटाखालचं चपटं चुंबक ब्लेडनं सोडवलं, होकायंत्रावर त्याचं तोंड पाहिलं, उलटं केलं आणि चिकटवलं. बटण दोनवर. घूं नाही. तारा छेडल्या, आणि दुकानातल्या सगळ्या उघड्या मोटारींचे पत्रे थरथरतील असा भरदार आवाज निघाला.

छगननं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "उजव्या हाताचा मानूस असता तर झालं नसतं हे."

"नसतंच झालं," सर म्हणाले, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं.

राहिला दाखला. तो देणाऱ्या, वीज तपासणीच्या सरकारी कचेरीत राजेश्वरी मॅडम होत्या. बाई अत्यंत सालस. सरांनी अर्ज दिला, त्यांनी संगणकावर खिडकी उघडली.

"उपकरणाचा प्रकार?"

"गिटार."

"यात कृषिपंप, पिठाची गिरणी, लिफ्ट आणि इतर आहे."

"इतर करा."

मॅडमनी इतर केलं. संगणकानं अश्वशक्ती विचारली. सरांनी शून्य सांगितलं, संगणकाला शून्य चालेना. मॅडमनी पॉइंट झिरो वन टाकून पाहिलं, तेही चालेना. इतर प्रकारात किमान पाच अश्वशक्ती लागत होती. पाच अश्वशक्तीची गिटार चर्चमध्ये नेण्याचा विचार सरांच्या मनाला क्षणभर सुखावून गेला. पण मग तपासणीला वरिष्ठ अधिकारी आला असता.

"कृषिपंपात अर्धी चालते," मॅडम हळूच म्हणाल्या. "लिहू? तपासणी तर होणारच आहे ना खरी. विहीर की बोअर?"

सरांनी स्वाभिमान गिळला. "विहीर," ते म्हणाले.

तपासनीसानं मीटर लावून गिटार खरोखरच तपासली, मान हलवली आणि सही केली. दाखल्यावर लिहिलं होतं: श्री. कृपादान अमोलिक यांचा अर्ध्या अश्वशक्तीचा कृषिपंप (विहीर) तपासला असता सुस्थितीत व सुरक्षित आढळून आला. शनिवारी सरांनी तो जेम्सच्या हातात ठेवला.

"अंकल, हा पंप आहे."

"शिक्का बघ."

जेम्सनं शिक्का पाहिला. गोल होता, जांभळा होता आणि पूर्ण उमटला होता. त्यानं दाखला फाइलला लावला.

हंगामाच्या सणाला चर्च भरलं होतं. वेदीपुढे उसाच्या मोळ्या, ज्वारीची ताटं, भोपळे, अंड्यांच्या टोपल्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. कुणाच्या शेतात काय पिकलं ते देवापुढे आणायचा हा दिवस. शेजारधर्म म्हणून कानिफनाथही एक भोपळा घेऊन आले होते, आणि मागच्या बाकावर छगन धुतलेल्या शर्टात बसला होता. बायकांच्या बाजूला मरियमबाई पहिल्या रांगेत होत्या. मिक्सरचं बटण त्यांच्या शेजारणीनं ओळखलं आणि त्यांना कोपरानं ढोसलं. मरियमबाईंनी मान ताठ ठेवली.

पहिली दोन गाणी झाली. पाळकसाहेब म्हणाले, "आपण शांततेत देवापुढे नम्र होऊ या." माना खाली गेल्या. सरांचं बटण दोनवर होतं, वायर जोडलेली होती, स्पीकर चालू होता. त्यांना स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येत होतं. घूं नव्हती. एक कोंबडी तेवढी घशातल्या घशात काही पुटपुटली. पूर्ण एक मिनिट तीनशे माणसांनी शांतता ऐकली, आणि मागच्या आजीबाईंनी मोठ्यानं म्हटलं, "मोहोळ गेलं बाई."

आमेन झाल्यावर जेम्स वाकून सरांच्या कानाशी आला. सरांचे डोळे भरून आले होते.

"घूं आली नाही ना?" त्यांनी विचारलं.

"अजिबात नाही. अभिनंदन, अंकल. ते पण भाषणात सांगतो." जेम्सनं छापील कार्यक्रमपत्रिका पुढे केली. "पत्रिका आधीच छापली होती हो. आता आठ नंबरचं अर्पणाचं गीत, आणि नववा नंबर तुमचा."

नऊ नंबरला छापलं होतं: निरोप सत्कार.

सरांनी पत्रिका वाचली. पहिल्या बाकावर ठेवलेली मोरपंखी शाल पाहिली, नारळ पाहिला, तो देण्यासाठी बोलावलेले पाहुणे पाहिले. तीन आठवड्यांचा खड्डा, टोपी, कॉइल, चुंबक आणि विहीर त्यांच्या डोक्यात एकदम चढली. भाषण करायचं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांना वाजवता येत होतं. त्यांनी बटण एकवर नेलं आणि आठव्या नंबरचं गीत सुरू केलं.

कापणीचं जुनं गाणं, चार कडवी, प्रत्येक कडव्यानंतर ध्रुपद. लोकांनी गात गात अर्पणं पुढे आणली. चौथं कडवं संपलं. जेम्स शाल उलगडून उभा राहिला. सरांनी बटण तीनवर फिरवलं आणि पहिलं कडवं पुन्हा घेतलं. लोकांना वाटलं अजून कुणी अर्पण आणणार आहे. कीबोर्डनं आपला साठवलेला ताल संपवला आणि तो गप्प झाला. दुसऱ्या फेरीच्या शेवटी जेम्स दोन पावलं पुढे आला. सर दोनवर गेले. तिसऱ्या फेरीला लोकांना शंका आली. चौथ्या फेरीला ती खात्री झाली, कारण आता ध्रुपद सरांच्या आधी बायकांच्या बाजूनं उठलं, आणि ते मरियमबाईंच्या आवाजात होतं. कधी मोठ्यानं न बोलणारी ती बाई इतक्या मोठ्यानं गाऊ शकते हे सरांनाही ठाऊक नव्हतं. ते ऐकून त्यांची बोटं दुप्पट जोरात चालली.

मग मंडळीला चेव आला. टाळ्या सुरू झाल्या. कानिफनाथांना गाणं येत नव्हतं, पण टाळी येत होती. छगन डाव्या हातानं बाकावर ठेका धरत होता. पाळकसाहेब डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे खांदे हलत होते, ते प्रार्थनेनं की हसण्यानं हे कुणाला कळलं नाही. सहाव्या फेरीला पाहुणे घड्याळ पाहून उठले, त्यांचा पारनेरला दुसरा सत्कार होता. त्यांनी नारळ एका भोपळ्याशेजारी ठेवला आणि ते बाजूच्या दारानं गेले.

जेम्स राहिला. दोन्ही हातांवर शाल आडवी धरून तो सरांच्या शेजारी उभा होता. नवव्या फेरीला त्याच्या इस्त्रीच्या शर्टावर घामाचे डाग आले. तो वाकला.

"अंकल, बोटं दुखतील तुमची."

"दुखतायत," सर म्हणाले. खरंच दुखत होती. एका बोटाला रक्त आलं होतं.

"मग कधी थांबणार?"

सरांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. याच पोराला त्यांनी सातवीत असताना बॅटरीवर दिवा लावायला शिकवलं होतं. "जेम्स," ते म्हणाले, "शाल ठेव खाली आणि गा."

जेम्सनं एकदा सगळ्या मंडळीकडे पाहिलं. तीनशे माणसं त्याच्या हातातल्या शालीकडे बघून गात होती. त्यानं शालीची घडी केली, ती ज्वारीच्या ताटांवर ठेवली आणि तो रिकाम्या हातांनी उभा राहिला. थोड्या वेळानं त्याचे ओठ हलायला लागले.

ध्रुपद संपलं. आता थांबायला काही हरकत नव्हती. कृपादान सरांनी तरीही एक कडवं जास्तीचं घेतलं.